हिरडीचा दाता

भुजंगरावांच्या वरच्या ओळीत, अगदी समोर, दोन दात असे होते की त्यांना घरात जावयासारखा मान होता. एक होता स्क्रूवर बसवलेला, म्हणजे आत हाडात धातूचा स्क्रू आणि त्याच्यावर दात. शेजारचा त्यांचा स्वतःचाच होता, पण टोपी घातलेला. तोंडातल्या बाकीच्या दातांकडं भुजंगरावांनी जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं, त्यांचं त्यांनी बघून घ्यावं अशीच रीत होती. ह्या दोघांसाठी मात्र वेगळा ब्रश आणला होता, बाजारात मिळेल तेवढा कडक. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा आणि झोपताना एकदा, असे तीन वेळा भुजंगराव ह्या दातांना हंडा घासावा तसे घासत. घनसावंगीच्या पंचायत समितीत चोवीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस. महागाची वस्तू राखायची म्हणजे तिला सारखी पुसत राहायचं, एवढं शास्त्र त्यांना पुरेसं होतं.

घासून घासून झिजली ती हिरडी. दातांना काही झालं नाही, ते चकचकीतच राहिले, पण दोन वर्षांत हिरडी हळूहळू वर सरकली. टोपीच्या काठाशी काळी रेघ उघडी पडली आणि स्क्रूच्या दाताच्या वर राखाडी धातू डोकावायला लागला. भुजंगराव कोणाशी बोलायला लागले की समोरच्याची नजर त्यांच्या डोळ्यांवरून घसरायची आणि थेट तिथं जाऊन बसायची.

आता भुजंगरावांचं हसू म्हणजे काय चीज होती ते ज्यानं ऐकलं त्यालाच माहीत. आवक-जावकच्या टेबलावर कोणी विनोद केला की तीन खोल्या पलीकडं बांधकाम शाखेतली माणसं माना वर करायची. आवारात चहा पिणारा ग्रामसेवक कप खाली ठेवून विचारायचा, "भुजंगराव हसून राह्यले का?" पण धातू दिसायला लागल्यापासून ते तोंडावर पंजा ठेवून हसायला लागले. पंजा ठेवला की हसू आत कोंडतं, मग नाकावाटे बाहेर येतं, मग ठसका लागतो आणि कोणाला तरी पाण्याचा ग्लास घेऊन पळावं लागतं. शेवटी लोकांनी त्यांना विनोद सांगणंच सोडून दिलं. एवढ्यावर भुजंगराव गप्प बसले असते. पण एक दिवस त्यांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, मेथी निवडता निवडता मान वर न करता म्हटलं, "तुमी हसता तव्हा मला वाटतं, आतल्या खोलीत कोणीतरी रडून राह्यलंय."

हे त्यांना लागलं. फार लागलं. माणसानं जाड म्हणावं, काळा म्हणावं, आळशी म्हणावं, पण हसण्याला रडणं म्हणू नये. भुजंगरावांनी ठरवलं की काय वाटेल ते करायचं, पण हात न लावता हसायचं.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. नवीन जालन्यात, बियाण्याच्या एका कंपनीच्या हपिसावर, डॉक्टर बेबीनंदाबाईंचा दातांचा दवाखाना होता. स्क्रू त्यांनीच बसवलेला. बाई ह्याच जिल्ह्यातल्या, वडील खेड्यावर शिक्षक होते, त्यामुळं पेशंटशी कोणत्या भाषेत बोलावं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी भुजंगरावांचा ओठ वर केला.

"कशानं घासता?"

भुजंगरावांनी शर्टाच्या खिशातून ब्रश काढून दाखवला. आणलाच होता सोबत. "तीन टाइम, मॅडम. दोन वर्षांत एकदा बी नागा न्हाई."

"अधूनमधून नागा केला असता तर बरं झालं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. उसाच्या मुळाची माती वाहून गेली की शेतकरी काय करतो, असं विचारलं. भुजंगरावांचं मूळ गाव शहागड, थोरला भाऊ अजून तिथं ऊस करतो. त्यांनी लगेच सांगितलं, माती लावतो. "तेच करायचंय," बाई म्हणाल्या. "तुमच्याच टाळूवरची थोडी कातडी काढायची, हिरडीला लावायची, टाके घालायचे. तिनं जीव धरला तर धातू झाकला जाईल."

"आन न्हाई धरला तर?"

"टोपीचा दात निभेल. स्क्रूचं सांगता येत नाही. आज नुसता दिसतोय, उद्या आत पू झाला तर काढावा लागेल."

भुजंगरावांना पू वगैरेत रस नव्हता. त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "मंग मला हात न लावता हसता येईल का?"

"दहा दिवस अजिबात हसायचं नाही. बोलायचंही कमीत कमी. गरम, तिखट, कडक बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं," बाईंनी बोट उगारलं, "ओठ उचलून बघायचं नाही. तुम्ही नाही, घरच्यांनी नाही, कोणीच नाही. ओठ ओढला की टाके ताणतात आणि लावलेला तुकडा सुटतो. दहा दिवस ओठाला हात लागला नाही तर पुढं जन्मभर हसा."

हे फार सोपं वाटलं. खुर्चीवर बसल्या बसल्या जगातल्या सगळ्याच गोष्टी सोप्या वाटतात.

पहिली अडचण आली रजेची. दवाखान्याच्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'टाळूवरील त्वचेचे हिरडीवर प्रत्यारोपण'. तो दाखला आस्थापना शाखेच्या सर्जेरावांपुढं गेला. सर्जेराव वाईट माणूस नव्हता. फक्त ज्या कागदाचा नमुना मागच्या फायलीत नाही, तो कागद पुढं पाठवायचा नाही, अशी त्याची शिस्त होती, आणि ह्या शिस्तीमुळं त्याला नोकरीत कधी कोणी बोल लावला नव्हता. त्यानं दाखला दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "भुजंगराव, प्रत्यारोपण म्हणलं का दाता आला. दाता कोण हे?"

"मीच."

"तुमी रुग्ण ना?"

"रुग्ण बी मीच."

"असं कसं जमल? अर्जावर सही रुग्णाची पाह्यजे, संमतीवर दात्याची. दोनी ठिकाणी एकच सही दिसली का साहेब म्हणतील, हे काय चालवून राह्यले? आन दात्याचं रुग्णाशी नातं ह्या रकान्यात काय लिहू? स्वतः? स्वतःशी स्वतःचं नातं काय असतं?"

हा प्रश्न तसा साधा नव्हता. भुजंगराव दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी सर्जेरावानंच मार्ग काढला. सात वर्षांपूर्वी एका ग्रामसेवकाला किडनी बसवली होती, ती फाईल त्यानं गठ्ठ्यातून शोधून आणली. सगळा मसुदा तयार होता. त्यात किडनीच्या जागी हिरडी लिहिलं की काम झालं. ग्रामसेवकाला किडनी त्याच्या मेव्हण्यानं दिली होती, म्हणून ह्याही मसुद्यात आपोआप मेव्हणा आला. 'दाता: रुग्णाच्या पत्नीचे बंधू.' नाव तेवढं राहिलं होतं, ते सर्जेरावानं विचारून घेतलं. रखमाजी, राहणार अंबड.

आता इथं भुजंगरावांनी म्हणायला पाहिजे होतं, की बाबा, हे खोटं आहे. पण चोवीस वर्षांच्या नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. चालू झालेल्या फायलीला हात लावायचा नाही. त्यांनी वाचलं, 'हिरडी' शब्दाची वेलांटी दुरुस्त केली आणि खाली सही ठोकली. रजा मंजूर झाली. त्या जुन्या मसुद्याच्या शेवटी 'सर्व कर्मचाऱ्यांनी रुग्ण व दाता या दोघांस सहकार्य करावे' असं वाक्य होतं, तेही तसंच उतरलं, आणि एक प्रत सूचनाफलकावर टाचली गेली.

ऑपरेशनला दीड तास लागला. भूल दिल्यामुळं दुखलं नाही, पण टाळूवरून काहीतरी खरवडून काढतात आणि पुढं नेऊन शिवतात, हे कळत होतं. शेवटी बाईंनी हिरडीवर गुलाबी लेप चढवला, म्हणजे टाके झाकलेले राहतील. "लक्षात आहे ना?" त्या म्हणाल्या. भुजंगरावांनी मान हलवली. सत्यशीलाबाईंनी दोनदा हलवली.

पहिला दिवस बरा गेला. गाल थोडा सुजला होता, त्यामुळं घरात मान होता. बोलायचं नाही म्हणून भुजंगराव चिठ्ठ्या लिहायचे. पण आवक-जावकचा माणूस साधी चिठ्ठी लिहील कसा? 'विषय: दूधभाताबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, दूध अद्याप कोमट आहे. तरी थंड करून पुरवठा व्हावा.' वर डाव्या बाजूला जावक क्रमांक. सत्यशीलाबाईंनी सहा चिठ्ठ्यांपर्यंत कळ काढली. सातवी आल्यावर त्यांनी ती उलटी करून मागं लिहिलं, 'घरात एकच बाई आहे. पत्रव्यवहार बंद.'

दुसऱ्या दिवशी सूज उतरली आणि खरा घोळ सुरू झाला. आपल्याकडं माणूस आजारी पडला की भेटायला जायचं असतं. न जाणं म्हणजे वैर. आणि भेटायला गेलं की दुखणं दिसायला पाहिजे. पायाला प्लास्टर असेल, डोक्याला पट्टी असेल, निदान सलाईनची बाटली तरी. भुजंगराव बघावं तर पलंगावर तुकतुकीत बसलेले. ना कण्हणं, ना खोकला. येणारा माणूस केळी घेऊन यायचा, बिस्किटांचा पुडा ठेवायचा, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक शंका यायची, की ह्यांना झालंय काय? आपण केळी वाया घातली काय?

सगळ्यात आधी आल्या शेजारच्या चतुराबाई. गल्लीतलं एकही दुखणं त्यांनी बघायचं सोडलं नव्हतं. त्या पलंगाजवळ बसल्या, भुजंगरावांचं तोंड इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"भाऊ, तसं काई दिसत न्हाई."

भुजंगरावांनी ओठाकडं बोट दाखवलं.

"आत हे व्हय? मंग बाहेरून कसं कळल कोणाला? त्या बांधकामवाल्याची बायको कालच म्हणून राह्यली व्हती, भुजंगरावाला नुसती रजा खायाची व्हती. म्या म्हणलं, तसं नसंल बाई. पर आता तुमाला बघून मला बी काई कळून न्हाई राह्यलं."

चोवीस वर्षांत भुजंगरावांनी खोटी वैद्यकीय रजा एकदाही घेतली नव्हती. समितीत असा दुसरा माणूस दाखवा. त्या माणसावर हा आळ. त्यांची कानशिलं तापली, आणि पुढं काय होतंय ते कळायच्या आत त्यांची दोन बोटं ओठाखाली गेली आणि ओठ वर उचलला गेला.

चतुराबाई वाकून बघत राहिल्या. "अगं बया," त्या म्हणाल्या. "हे तर लेकरं चिंगम चिकटवतात तसं दिसून राह्यलं."

त्या गेल्या तेव्हा सत्यशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो, ओठ," एवढंच त्या म्हणाल्या. भुजंगरावांनी कान पकडले. पण संध्याकाळपर्यंत आणखी आठ जण आले, आणि प्रत्येकाला चतुराबाईंनी दारातच सांगितलं होतं, की आत आहे, दाखवा म्हणा, दाखवतात. न दाखवावं तर तिला दाखवलं आन आपल्याला नाही, असा राग. प्रत्येक जण वाकायचा, बघायचा, आणि सल्ला द्यायचा. एकानं हळद दाबायला सांगितली. एकजण म्हणाला, तुरटी. तिसऱ्यानं आपल्या बैलाच्या खुराला असंच झालं होतं त्याची हकीकत अर्धा तास सांगितली, आणि बैल शेवटी विकावा लागला असं म्हणून केळं खाऊन गेला.

तिसऱ्या दिवशी तर दारात रांगच लागली. चौथ्या दिवशी दूधभात खाता खाता भुजंगरावांना जिभेखाली काहीतरी लागलं आणि भाताबरोबर खाली उतरलं. त्यांनी जिभेनं चाचपून बघितलं. बंदी असूनही चिठ्ठी लिहावीच लागली. 'लेप गहाळ.'

सत्यशीलाबाईंनी जालन्याला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोटात गेला तर हरकत नाही, पण आता टाके उघडे आहेत, आता तर ओठाला वारासुद्धा लागू देऊ नका. फोन ठेवून सत्यशीलाबाई आत आल्या. त्या चिडल्या नव्हत्या, पलंगाच्या काठावर बसल्या. "तुमाला हसायचं हे का लोकाला खूश करायचं हे? दोन वर्षं झाले मी तुमचं तोंड उघडं पाह्यलं न्हाई. माझ्यासाठी नका करू, पर करायचं हे ते धड तरी करा."

मग भुजंगरावांनी कपाटातून मफलर काढला. हनुवटीखालून घेतला, दोन्ही गालांवरून वर नेला आणि डोक्यावर गाठ मारली, चांगली करकचून, की बोटं आत जाऊ नयेत. उन्हाळ्याचे दिवस, मफलर लोकरीचा. भुजंगरावांच्या मानेवर घामोळं आलं. त्यांना मुळात एका जागी बसायची सवय नाही. ते पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून ओट्यावर, ओट्यावरून परत पलंगावर फेऱ्या मारायचे, आणि जीभ तोंडातल्या तोंडात टाळूच्या जखमेकडं धावायची. सातव्या दिवशी दुपारी दमून ते जमिनीवरच, फरशी गार लागते म्हणून, उताणे पडले आणि तिथंच डोळा लागला.

चतुराबाई भाजीचं ताट परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. फरशीवर माणूस सरळ लांब झालेला, डोळे मिटलेले, हनुवटी डोक्याशी बांधलेली. आपल्याकडं हनुवटी कधी बांधतात ते कोणाला सांगायला नको. चतुराबाईंच्या हातातून ताट पडलं आणि त्यांनी जो हंबरडा फोडला, तो पार बसस्टँडपर्यंत गेला. भुजंगराव दचकून उठून बसले. ते उठून बसले म्हणून तर चतुराबाई जास्तच ओरडल्या.

गल्लीत खुलासा झाला. पण बसस्टँडवर शहागडची जीप भरत होती, ती खुलासा व्हायच्या आत सुटली.

त्या जीपमध्ये दोन बातम्या बसून गेल्या. एक, भुजंगरावाचं काही खरं नाही. दुसरी सूचनाफलकावरची, की त्याला मेव्हण्याचं मास लावलंय. पहिली बातमी फोनवर खोटी ठरली. दुसरी ठरली नाही, कारण तिला सरकारी कागदाचा आधार होता. आणि तिकडं अंबडच्या बाजारात लोकांनी रखमाजीला विचारलं, तर त्या गड्यानं सरळ नाही म्हणावं की नाही? तो नुसता खाली बघून म्हणाला, "बहिणीसाठी एवढं तर करावंच लागतं." दोन दिवस त्याला बाजारात चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी कचरूदादा आले. भुजंगरावांचे थोरले भाऊ, साठी ओलांडलेले, शहागडहून कधी कामाशिवाय न हलणारे. ते आत आले नाहीत. ओट्यावर बसले, पटका काढून मांडीवर ठेवला. सत्यशीलाबाईंनी तांब्याभर पाणी आणलं.

"पाणी नको," कचरूदादा म्हणाले.

भावाच्या दारात माणूस पाणी नको म्हणतो, तेव्हा पुढं काय येणार ते सगळ्यांना कळतं. भुजंगराव मफलरासकट बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले.

"रखमाजीचं चालतं," कचरूदादा रस्त्याकडं बघत म्हणाले. "सोयऱ्याचं मास चालतं. सख्ख्या भावाचं चालत न्हाई. म्या काय मेलो व्हतो? एक निरोप धाडला असता, रातच्या गाडीनं आलो असतो."

भुजंगरावांनी घाईनं चिठ्ठी लिहून पुढं केली.

"मला चिठ्ठ्या नको दाखवू. मी काय तुझ्या हपिसातला शिपाई हे? तोंडानं बोल."

भुजंगरावांनी मफलर सैल केला. "दादा, रखमाजीचं काही न्हाई. माझंच हे. माझ्याच टाळूचं."

"कागदावर लिहून हे. शंभर लोकांनी वाचलं. सरकारी कागद खोटा का?"

ह्या प्रश्नानं भुजंगराव पुरते गारद झाले. चोवीस वर्षं ते त्याच कागदांना क्रमांक देत आले होते. त्यावर स्वतःची सही होती, वेलांटीसकट. तो कागद खोटा आहे असं तोंडानं म्हणायची हिंमत होईना. त्यांनी दादांकडं बघितलं. दादांची नजर रस्त्यावरच होती, पण डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. पाण्याचा तांब्या दोघांच्या मध्ये तसाच होता.

भुजंगरावांना सगळं आठवत होतं. उद्या टाके निघायचे. एक दिवस राहिला होता, फक्त एक. दारातून सत्यशीलाबाई बघत होत्या.

त्यांनी मफलर सोडला, मान मागं केली, आ वासला आणि टाळूवरची जखम बोटानं दाखवली. मग दोन बोटांनी ओठ नाकापर्यंत वर उचलला आणि तिथली कातडी जिथं लावली होती ती जागा दाखवली. हिकडून काढलं, हितं लावलं. पुन्हा हिकडून, हितं. दादांना कमी दिसतं, म्हणून अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन दाखवलं.

"अहो, ओ..." सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

आत कुठंतरी एक टाका टचकन ताणला, आणि रक्ताचा एक थेंब ओठावर आला. कचरूदादांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांनी तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला. पटक्याच्या टोकानं भावाच्या ओठावरचं रक्त टिपलं.

"बराबर हे. तुझंच हे," ते म्हणाले. "पर उद्या मी येतो संगं. कमी पडलं तर माझं घेतील."

दहाव्या दिवशी तिघं जीपनं नवीन जालन्याला गेले. भुजंगरावांची जीभ त्या टाक्याकडं जात होती आणि मागं फिरत होती. दवाखान्यात बाईंनी ओठ उचलला आणि दिवा जवळ घेतला.

"किती वेळा उचलला?"

भुजंगराव छताकडं बघत राहिले. उत्तर सत्यशीलाबाईंनी दिलं. "एक्कावन्न." त्यांनी कॅलेंडरवर रेघा मारून ठेवल्या होत्या. "पर शेवटचा धरू नका, मॅडम. तो उचलावाच लागत व्हता."

बाईंनी टाके काढले. टोपीच्या दातावरची हिरडी छान धरली होती, काळी रेघ गेली होती. स्क्रूच्या दातावरची अर्धी धरली, अर्धी सुटली. दात राहील, स्क्रू काढायची वेळ येणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण ज्वारीच्या दाण्याएवढा धातू उघडा राहणार. हसलं की दिसणार. सहा महिन्यांनी टाळूच्या दुसऱ्या बाजूचं काढून पुन्हा लावता येईल.

भुजंगराव खुर्चीवरून उतरले. त्यांनी आरशात बघितलं नाही. दहा दिवसांचं मौन, घामोळं, गिळलेला लेप, सगळं करून त्यांचा पंजा परत तोंडावर जाणार होता. त्यांना सत्यशीलाबाईंकडं बघवेना.

एवढ्यात कचरूदादा पुढं झाले. चपला बाहेर काढल्याच होत्या. ते रिकाम्या खुर्चीवर चढून बसले, खुर्ची आपोआप मागं कलली तसे दचकले, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले, डोळे मिटले आणि आ वासला.

"काका, तुमचं काय दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"काई न्हाई दुखत. माझं घ्या. सहा महिने कशाला थांबायचं?"

दुसऱ्याचं चालत नाही, हे बाई सांगणारच होत्या. पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून त्यांनी सहज दिवा त्यांच्या तोंडात धरला. मग त्या वाकल्या. आणखी वाकल्या. मग त्यांनी आतल्या मदतनीस बाईंना हाक मारली आणि म्हणाल्या, "हे बघून घ्या. ह्याला हिरडी म्हणतात." दोघी वाकून बघायला लागल्या. गुलाबी, घट्ट, बत्तीसच्या बत्तीस दातांना चिकटून बसलेली.

"कशानं घासता हो, काका?"

"बाभळीची काडी," कचरूदादा तोंड न मिटता म्हणाले. "ते बी ध्यानात आलं तर."

भुजंगरावांनी खिशातल्या कडक ब्रशला हात लावला. दोन वर्षं, तीन टाइम, एक नागा नाही. त्यांनी खुर्चीकडं बघितलं. ज्या माणसाला सुईचं भय, जो पायात काटा मोडला तर गाव गोळा करतो, तो दांडे घट्ट धरून आ वासून पडला होता, आणि त्याच्या हिरड्या बघायला दोन बाया वाकल्या होत्या. भुजंगरावांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. त्यांनी दाबलं. दाबलं गेलं नाही. ते हसले. बाहेरच्या खोलीतले पेशंट उठून उभे राहिले, खाली बियाण्याच्या हपिसात कोणीतरी खिडकी उघडली, आणि भुजंगरावांचे दोन्ही हात पोटावर होते. धातू दिसत होता, अगदी स्वच्छ दिसत होता. दहा दिवस 'अहो, ओठ' म्हणणाऱ्या सत्यशीलाबाई पदर तोंडाला लावायचं विसरून नुसत्या बघत होत्या.

खुर्चीवरून, डोळे मिटूनच, कचरूदादा म्हणाले, "हसून काय राह्यला, भुजंग्या? त्यांला म्हण, काढा जल्दी. मला भेव वाटून राह्यलं."